निळा दिवा आणि त्यांचा डावा हात

आमचे हे बोलले नाहीत असा एक दिवस मी लग्न झाल्यापासून पाहिला नव्हता. नवापूरला आमच्या अंड्यांच्या कोंबड्यांच्या शेड होत्या. सकाळी डोळा उघडला की ह्यांचे हुकूम सुरू. चहा आण, हिशेब कुठं ठेवला, पाण्याची टाकी भरली का, तू काय करी ऱ्हायनी तठे? मी वैतागून म्हणायची, "देवानं सगळं तोंड तुम्हाला दिलं आणि मला नुसते कान." मग ह्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, त्याच्यासोबत बोलणंही गेलं. घर इतकं गप्प झालं की मला स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी आपटावीशी वाटायची.

बोलणं गेलं ते मी सोसलं असतं. पण दवाखान्यातून घरी आणल्यावर ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच. मुलगा सुरतला नोकरीला. त्यानं येऊन टीव्ही लावून दिला. टीव्हीकडे बघेनात. शेड दिसाव्यात म्हणून मी खाट खिडकीपाशी ओढली, तर आणखीच भिंतीकडे वळले. शेड आम्ही तोवर भाड्यानं देऊन टाकल्या होत्या. दुसऱ्याच्या कोंबड्या कोण बघत बसणार! मी घास भरवायची तो पण भिंतीकडे बघत खायचे. मला बाकी काही नको होतं. बरे व्हा असंही मी देवाला म्हणणं सोडलं होतं. एकदा इकडे बघा, एवढंच मागत होते.

ते घडलं सुरतेच्या दवाखान्यात. तपासणीला नेलं होतं. नंबर यायला वेळ होता म्हणून चाकाची खुर्ची एका काचेच्या टाकीजवळ लावली. टाकीत निळसर उजेड होता, आणि दगडांवर बोटांसारखं, छत्रीसारखं काहीतरी मऊ मऊ उगवलेलं, पाण्यात हळू डोलत होतं. ह्यांनी मान वळवली. बघत राहिले. नंबर आला, दवाखान्यातल्या माणसानं खुर्ची ढकलली, तर ह्यांनी डाव्या हातानं टाकीचं टेबल घट्ट धरलं. सोडेनात! लोक बघायला लागले. मला तिथंच रडू फुटलं.

मुलगा म्हणाला, "आई, ते पोवळं आहे. मऊ जातीचं. जिवंत असतं ते."

पोवळं म्हणजे अंगठीतला लाल खडा, एवढंच मला ठाऊक. म्हटलं, जिवंत असो की मेलेलं, घरी आण.

त्यानं वापरलेली एक छोटी टाकी शोधली, समुद्राचं मीठ म्हणून पिशवी आणली, फिल्टरच्या पाण्यात ते कालवून दिलं आणि पोवळ्याचे चार-पाच लहान तुकडे दगडाला चिकटवलेले आणले. सगळ्यात महाग निघाला तो दिवा. पोवळं उजेड खाऊन जगतं म्हणे. दुकानातल्या दिव्यांच्या किमती ऐकून तो तसाच परत आला. ह्यांच्या दुखण्यात त्याचं आधीच कंबरडं मोडलं होतं. मी म्हटलं, "दिव्याचं काय एवढं? कोंबड्यांना आयुष्यभर उजेड दाखवला आपण." शेडमधले पिवळे बल्ब घरात पडून होते, तेच मी टाकीवर टांगले.

आणि चालवले पण शेडच्याच हिशेबानं. अंड्याच्या कोंबडीला दिवस मावळल्यावरही उजेड दाखवावा लागतो, तेव्हा ती अंड्यावर येते. जास्त उजेड, जास्त अंडी. मला वाटलं, इथंही तसंच असेल. सकाळी चूल पेटवायच्या वेळेला बल्ब लावायचे ते रात्री माझी झाकपाक होईपर्यंत चालूच. करायला गेले एक आणि झालं भलतंच. काचेवर तपकिरी शेवाळ चढलं. पोवळी आक्रसून सुपारीएवढी झाली. शेजारीण आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "व माय! लोक कुत्रं पाळतस, मांजर पाळतस. तू दगड पाळी ऱ्हायनी का?"

मी हसले नाही. कारण पहिले दोन-तीन दिवस ह्यांनी टाकीकडे पाहिलं होतं, आणि आता पुन्हा भिंत.

मग मात्र मी शेजारणीला ह्यांच्यापाशी बसवलं आणि स्वतः सकाळच्या गाडीनं सुरत गाठलं. मुलगा स्टेशनवर न्यायला आला तो तोंड पाडूनच. त्या दुकानात दिव्यांची रांग होती. दुकानदारानं पहिला दाखवला तो मोबाइलवर चालणारा, ढग येतात, वीज चमकते. मी म्हटलं, "भाऊ, वीज आमच्याकडे फुकट चमकते. दुसरा दाखव." दुसरा स्वस्त, नुसता पांढरा, ट्यूबलाइटसारखा. त्याखाली हात धरला तर हात आजारी दिसला. साडी घेताना मी दुकानाबाहेर नेऊन उन्हात बघते, पण इथं बाहेर नेऊन काय बघणार? तेवढ्यात मागच्या कोपऱ्यात एक साधी टाकी दिसली. वर शोभा नाही, नाव नाही, विकायची पोवळी तिच्यात साठवून ठेवलेली. पण काय फुललेली! वर काठाला चिमट्यानं अडकवलेला एक लहानसा दिवा.

मी म्हटलं, "तुझा स्वतःचा माल ज्याच्याखाली जगतो, तो दे मला."

दुकानदार मोठ्यानं हसला. "मासी, तुम्ही तर वेपारी निघालात." तो दिवा आम्हाला परवडणारा होता. त्याला दोन बटणं, एक पांढऱ्या उजेडाचं, एक निळ्याचं. त्यानं समजावलं की ही मऊ पोवळी हावरट नसतात. दिवा थोडा उंच धरा, अर्ध्यावर ठेवा, एकदम वाढवू नका. दुपारी लावा, अंधार पडला की बंद करा. आणि म्हणाला, "इनको भी रात चाहिए, मासी." मी मनात म्हटलं, अगं बाई, मी तर त्यांची झोपच हिरावून घेतली होती.

काच घासली, थोडं पाणी बदललं, दिवा लावला. पुढे बरेच दिवस काहीच झालं नाही. मी रोज त्या दगडांना शिव्या घालायची. "खा ना उजेड! का माझ्या हाताचा आवडत नाही?" मग एका दुपारी भाजी निवडत बसले होते, तर त्या छत्रीसारख्या तुकड्यानं अंग सैल सोडलेलं. वर बारीक बारीक तंतू, पाण्याबरोबर डुलणारे. मी ओरडलेच, "अहो, इकडे देखा!" आणि ह्यांनी पाहिलं. मान वळवून, माझ्या आवाजाकडे नाही, टाकीकडे. चालेल म्हटलं. आंधळा मागतो एक डोळा.

त्या संध्याकाळी दिवा मालवायचं माझ्या जिवावर आलं. पाहतायत तर पाहू दे, अजून थोडा वेळ. बाहेर अंधार पडला. आणि ह्यांचा डावा हात वर उठला.

पंजा खाली, बोटं जुळलेली. मग हात हळूहळू खाली आला, अर्ध्यावर थांबला, पुन्हा खाली.

शेडमधला इशारा होता तो. रोज रात्री हे शेडच्या दारात उभे राहायचे, उजव्या हातात बॅटरी, डावा हात वर. हात अर्ध्यावर आला की बटणांच्या बोर्डाजवळच्या माणसानं निम्मे दिवे घालवायचे, पूर्ण खाली आला की उरलेले. एकदम अंधार केला तर कोंबड्या बिथरतात, एकमेकींच्या अंगावर पडतात. जन्मभर पाहिलेला तो हात. मी धावले, पांढरा घालवला, थांबले, मग निळा घालवला. आणि अंधारात पदर तोंडात कोंबून रडले. ज्या हुकमांना मी सगळं आयुष्य वैतागले, त्यातला एक परत मिळाला होता.

मग रोज. दुपारी मी दिवा लावायची, हे बघत बसायचे, दिवेलागण झाली की हात उठायचा. कधी मी मुद्दाम उशीर करायची, दोनदा हात करावा म्हणून. चिडायचे! भुवया आवळायचे. मला तेवढं पुरायचं. भिंतीकडे तोंड झालं ते फक्त झोपेत.

उन्हाळा लागायच्या आधी ह्यांचं खाणं सुटलं. डॉक्टर घरी येऊन गेले, माझ्याशी बोलताना जमिनीकडे बघत होते. मुलगा निघाला होता, गाडीत होता. त्या दिवशी पोवळी सगळी उघडी होती. ह्यांची मान टाकीकडेच होती. मी हात हातात घेऊन बसले. बाहेर अंधार झाला. मी म्हटलं, "अहो, वेळ झाली." हात उठला नाही. म्हटलं, विसरले असतील. "अहो, कोंबड्या झोपायच्या आहेत." मी वाट पाहिली. श्वास आता येईल, मग येईल, असं म्हणत पाहिली.

मग ह्यांचा डावा हात मीच वर उचलला. जड होता. अर्ध्यावर आणला आणि पांढरा घालवला. पूर्ण खाली आणला आणि निळा घालवला.

थोड्या वेळानं शेजारीण आली. "व माय, अंधारमा काबर बठेल शे?" तिनं ह्यांच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. माणूस गेलं की उशाशी दिवा लागतो, घर अंधारात ठेवत नाहीत. तिचा हात घाईनं त्या निळ्या दिव्याच्या बटणाकडे गेला, मी तो धरला.

"तो नको," म्हटलं. "तो ह्यांनी बंद करायला सांगितलाय."

तिनं देवघरातून समई आणली आणि उशाशी लावली.