अण्णांचे आरोपी

आमच्या घरमालकांइतका निर्दोष माणूस साऱ्या धारवाडात सापडणार नाही. हे मत त्यांचं स्वतःचं आहे आणि ते खोडून काढणारा अजून भेटायचा आहे. अण्णा निवृत्त वकील. मळमड्डीतल्या त्यांच्या घरात माडीवरच्या खोलीत मी शिकायला राहते. अळणावरजवळच्या आमच्या खेड्यातल्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे मोठ्या माणसांविषयी असं लिहावं की नाही, हे मला नीट कळत नाही. अण्णांना वाचून दाखवलं तर ते फक्त भाषेवर हरकत घेतील, असं वाटतं.

अण्णांच्या जगात काही बिघडलं की आरोपी ताबडतोब पकडला जातो. गेल्या वर्षी त्यांच्या चपला घट्ट होऊ लागल्या. "चामडं आटलंय," असा निकाल देऊन ते रिक्षाने जुन्या हुबळीत चप्पलवाल्याशी भांडायला गेले. त्याने बिचाऱ्याने पट्टे सैल करून दिले. थोड्या दिवसांनी अण्णा पुन्हा त्याच्या दारात. मग बाजारातून येताना दम लागू लागला, तेव्हा रस्ता नव्याने करणाऱ्या ठेकेदाराने चढ वाढवल्याचं उघडकीला आलं. "चढ तोच आहे हो," अक्का, म्हणजे त्यांची बायको, म्हणाल्या. "तू मोजलायस?" अण्णांनी विचारलं. पुढे आडवं झालं की श्वास कोंडू लागला, तर उशीतला कापूस मेला होता. उशीवर उशी चढत गेली आणि शेवटी अण्णा आरामखुर्चीतच झोपू लागले.

मी एकदा भीतभीत म्हटलं, "अण्णा, डॉक्टरांना दाखवायचं का?"

"तंगी, साक्षीदाराने विचारल्याशिवाय बोलू नये." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. वयाचा हिशेब त्यांना अडवत नाही.

एका सकाळी मात्र दूधवाल्याची उलटतपासणी घेताना अण्णांनी वाक्य अर्धवट सोडलं. त्यांना धापच आवरेना. अण्णांचं वाक्य अपुरं राहिलेलं पाहून अक्का घाबरल्या आणि आम्ही अण्णांना हुबळीला दवाखान्यात नेलं.

"हृदय बंद पडलेलं नाही, पण दुबळं झालंय," तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "रक्त पुरेशा जोराने ढकलत नाही, म्हणून पायांत आणि फुप्फुसांत पाणी साठतंय. बीपी आहे?"

"होतं. गोळ्यांनी नॉर्मल झालं, गोळ्या बंद केल्या. खटला जिंकल्यावर वकिलाला फी कोण देतं?"

"ते गोळ्यांमुळेच नॉर्मल होतं, अण्णा. त्या बंद केल्यावर वाढलेल्या दाबाशी तुमचं हृदय एकटंच झगडत राहिलं."

आरोपी घरातच निघाला.

लघवीवाटे पाणी काढणारी गोळी, हृदयावरचा भार हलका करणाऱ्या गोळ्या, पाणी बेताचं, मीठ कमी आणि रोज सकाळी वजन, असा हुकूम झाला. अण्णांनी पानातलं मीठ मोठ्या थाटात बंद केलं आणि लोणचं चालू ठेवलं. "हे लोणचं आहे. मिठाची गोष्ट वेगळी," असा युक्तिवाद. तेव्हापासून बरणी माझ्या खोलीत आहे.

पायांची सूज उतरली, अण्णा पुन्हा बाजारापर्यंत जाऊ लागले. आणि एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, "आता मी बरा आहे. गोळ्यांचं काम संपलं."

अक्का बीन्स चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "करा बंद. वाद तुम्हीच जिंकाल, नेहमीच जिंकता. पण तुम्ही गेल्यावर माझं म्हणणं खोडायला या घरात कोण उरेल?"

अण्णा उठून फडताळापाशी गेले. मग हळूच म्हणाले, "गोळी कुठाय?"

आता रोज सकाळी खालून वजनकाट्याचा खडखडाट होतो. दोन दिवसांत एकदम वजन वाढलं तर पाणी साठतंय असं समजून लगेच यायचं, असं डॉक्टरबाईंनी सांगितलंय. अण्णा मोठ्याने आकडा सांगतात, स्वयंपाकघरातून अक्का "बरं" म्हणतात. ते "बरं" ऐकू आलं की मी पुस्तक उघडते. माझं हे शेवटचं वर्ष. पुढच्या उन्हाळ्यात खोली सोडून गावी जाईन. तिथे सकाळी मला हे "बरं" कोण ऐकवणार?