बसल्या जागेचं व्याज

आमचं रान गेलं आणि घरात पैसा आला, तो नेमका पाऊस न पडलेल्या साली. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. साहेब लोकांना कचेऱ्या हव्या होत्या, राहायला घरं हवी होती, आणि गावाला लागून असलेलं आमचं रान त्यांच्या नकाशात बसलं. सरकारनं मावेजा दिला. आजूबाजूच्या रानांत ज्वारी वीतभर येऊन करपलेली, त्यामुळे लोक म्हणायचे, नशीब बघा यांचं, वाळलेलं रान देऊन मोकळे झाले. दुष्काळात इतरांना तेरावा महिना येतो, आमच्याकडे पाहुणे आले.

कोणी सांगे प्लॉट घ्या, कोणी सांगे शेकडा तीननं पैसा फिरवा. देगलूरकडचे एक लांबचे पाहुणे चिट्टी, म्हणजे भिशी, लावा म्हणून मुक्कामालाच राहिले आणि घरातलं उरलंसुरलं तूप संपवून गेले. मला त्यांच्या चिट्टीपेक्षा तुपाचाच राग जास्त आला. माझे सासरे सगळ्यांना एकच सांगत, पैसा रानाचा हाय, रानातच जाईल. पण पाण्याची विहीर असलेलं रान त्या साली कोण विकणार? तोवर रक्कम बँकेत मुदत ठेवीत टाकावी आणि व्याज महिन्याच्या महिन्याला घ्यावं, असं मी आणि नवऱ्यानं ठरवलं. सासऱ्यांनी सही केली. नवरा तेलगिरणीत होता, पण करडईच नाही म्हटल्यावर गिरणी बंद पडली होती. म्हणजे घरात येणारा पैसा तो एवढाच.

पहिलं व्याज हातात आलं तेव्हा मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू! ना घाम, ना कुणाची बोलणी, ना आभाळाकडं डोळे. मी थेट बाजारात गेले, ज्वारी आणली, दळली आणि भाकरी थापल्या.

सासरे लिंगपूजा उरकून ताटावर बसले आणि त्यांनी विचारलं, "ज्वारी कुठली?"

"व्याजाच्या पैशाची, मामा."

त्यांनी ताट हलकेच पुढं सारलं. "ह्यात कायक कुठं हाय?"

कायक म्हणजे अंग झिजवून केलेलं काम. ते केल्याशिवाय घास घेऊ नये, हे आम्हा लिंगायतांच्या कानावर लहानपणापासून पडत असतं. बहुतेक जण मान डोलावतात आणि जेवायला बसतात. आमच्यातले कितीतरी आडतदार व्याजावर गब्बर झाले आणि संध्याकाळी कायकावरचं प्रवचनही पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. माझ्या सासऱ्यांनी मात्र ते खरंच धरलं होतं.

तेव्हापासून ते कणगीतल्या जुन्या, आपल्या रानातल्या ज्वारीचीच भाकरी खाऊ लागले, तीही अर्धी. कणगी तळाला गेली तसे रोजगार हमीच्या कामावर जाऊन खडी फोडू लागले. घरात ज्वारीचं पोतं भरलेलं, आणि सत्तरीचा माणूस उन्हात दगड फोडतोय! संध्याकाळी आले की हात उघडायचे नाहीत, मुठी मिटूनच बसायचे. एकदा कामावरच चक्कर येऊन पडले. दोघांनी धरून आणलं. मला त्यांचा संताप यायचा आणि त्याहून जास्त भीती वाटायची. हा माणूस या उन्हाळ्यात आपल्या डोळ्यांदेखत जाणार, असं मला रोज वाटायचं.

सासऱ्यांशी तोंड वर करून बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. नवऱ्याकडून सांगून पाहिलं, पण त्यांच्यापुढं गेला की त्याची तलवार म्यान व्हायची. शेवटी मीच पदर नीट केला आणि बोलले.

"मामा, व्याज खाणं पाप हाय का?"

"न्हाई गं माय. तसं कोण म्हन्लं? पन बसून खाणं मला जमंना."

"मग चला बँकेत. ते पैसे कशाबद्दल देतात ते तुम्हीच विचारा."

आले. बँकेबाहेर माणसं उन्हात उभी होती. सासऱ्यांनी खिडकीत तोंड घालून विचारलं, "साहेब, हे येज आमाला कशाबद्दल देतेत?"

"तुमचे पैसे आमच्याकडे आहेत म्हणून."

"मग म्या काय करायचं?"

"काही नाही बाबा. घरी आरामात बसा."

त्यांना नेमकं तेच नको होतं! मागची माणसं हसली आणि मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. बाहेर आलो तर व्हरांड्यातल्या रांजणात एक म्हातारी तांब्या घालून खरवडत होती. रांजण कोरडा. नळ कधीमधी यायचा, शिपायाला तेवढ्यासाठी लांब जायचा कंटाळा. सासरे त्या रांजणाकडं बघत बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, पुन्हा चक्कर येते की काय.

दुसऱ्या दिवशी ते खडीवर गेले नाहीत. पूजा झाली तशी घागर घेऊन बाहेर पडले. मी नवऱ्याला मागं पाठवलं. तो हसत परत आला. बँकेपासून थोड्या अंतरावर हापसा होता. सासरे बायकांच्या रांगेत उभे राहून घागर भरत होते आणि बँकेच्या रांजणात ओतत होते. मॅनेजर बाहेर आले. त्यांना वाटलं म्हातारा मजुरी मागणार, म्हणून त्यांनी खिशात हात घातला. तर सासरे त्यांच्यावरच डाफरले, "पगार मिळतो की मला! पासबुकात बघा!"

मी पोट धरून हसले, पण लगेच धसका बसला. पाणी भरणं वेगळं आणि त्या पैशाची भाकरी खाणं वेगळं. कणगीत आता झाडून पसाभर दाणेही निघाले नसते. मी बाजारच्या ज्वारीच्या भाकरी केल्या, चुलीवर वांगं भाजलं आणि दाराकडं कान लावून बसले.

सासरे आले, घागर पालथी घातली, हातपाय धुतले आणि न बोलावता ताटावर बसले. मी एक भाकरी वाढली. त्यांनी कुठली, कसली काही विचारलं नाही. भाकरी मोडली, वांग्यात बुडवली आणि तोंडात घातली.

"लई दमलो गं आज," ते म्हणाले. "अजून वाढ."

मी चुलीकडं तोंड फिरवून रडले आणि तव्यावर आणखी दोन टाकल्या.