बायको शाळेत, मी घरात

लग्नाच्या आधीपासून मी वर्ध्यातल्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होतो. कापूस आला की दिवसभर उभं राहून काम, कापूस संपला की पावसाळाभर मिळेल ते. जिनात रुईचा बारीक भुगा हवेत तरंगत असतो. तो डोक्यावर बसतो, भुवयांवर बसतो आणि छातीतही बसतो, हे मला उशिरा कळलं. एका हंगामात पायऱ्या चढताना धाप लागायला लागली, पुढच्या हंगामात बोलताना. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, आता तिथे पाय ठेवायचा नाही.

त्याच उन्हाळ्यात बायकोला मास्तरणीची नोकरी लागली. लग्नाआधी तिनं डी.एड. केलं होतं, ते इतकी वर्षं ट्रंकेच्या तळाशी पडून होतं. शाळा पवनारच्या पुढे, बस जाते तिथून आणखी थोडं पायी. आमची मुलगी चार वर्षांची, मुलगा अजून रांगता. माझी आई गावी थोरल्या भावाकडे गुंतलेली, बायकोची आई हयात नव्हती. म्हणून कुणी बसून ठरवलं असं झालंच नाही. शाळा उघडली त्या सकाळी ती निघाली, मी पोरं घेऊन दारात उभा राहिलो, आणि तेच ठरलं.

नालवाडीत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. तिचा पगार सुरुवातीला कधी यायचा, कधी रखडायचा, म्हणून घर जपून चालवावं लागायचं. ज्वारी आणि तूर भाऊ द्यायचा. पेरणीच्या आधी त्याची बैलबंडी पऱ्हाट्या टाकून जायची. कापसाच्या त्या वाळक्या काड्या भरकन पेटतात आणि भरकन विझतात. त्यांच्यावर स्वयंपाक करायचा तर चुलीपुढून हलता येत नाही, आणि घरात रांगतं मूल असेल तर चुलीपुढे बसता येत नाही. मी मुलाला तिच्या जुन्या लुगड्याच्या झोळीत घालायचो, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायचो आणि झोका देत देत भाकरी थापायचो. माझ्या भाकरीला काठाला भेगा पडायच्या. मुलगी म्हणायची, "बाबा, आईची भाकर गोल असते."

भाकरी झाली की विझत्या चुलीवर आंघोळीचं पाणी. मुलीच्या आंघोळीचं पाणी खाली परातीत धरून त्यात कपडे भिजवायचे. रॉकेल फक्त दूध तापवायला. थंडीत बाज उन्हामागे सरकवत न्यायची, सकाळी दाराशी, दुपारी मागच्या भिंतीला. बाजाराच्या दिवशी दुकानं उठायच्या वेळेला जायचं, म्हणजे मलूल अंबाडी, वाकडी वांगी स्वस्तात पदरात पडतात. माझ्या जुन्या पॅन्टची मुलीला पिशवी झाली, बायकोच्या साडीची मुलाला झबली. करवंट्यांचा तराजू करून दिला, तर मुलगी तासन्‌तास माती आणि पानं विकत बसायची आणि गिऱ्हाईक मीच. एकाच मातीचा भाव ती मला दर वेळी वेगळा सांगायची.

नळावर सगळ्या बायका. मी घागर घेऊन गेलो की बोलणं थांबायचं. शेजारची म्हातारी मावशी तेवढी मोकळी होती. "येऊ द्या वं त्याले पुढं," ती ओरडायची, "पोट्टं एकटं हाय घरी." बायका बाजूला व्हायच्या, पण तोंडावर पदर धरून हसायच्या. ते मी मनावर घेतलं नाही. मनाला लागलं ते वेगळंच.

बायकोची बस संध्याकाळी यायची. आम्ही तिघं थांब्यावर उभे असायचो. मी दिवसभर ज्यांचा शेंबूड पुसला, ज्यांच्यामागे वाटी घेऊन फिरलो, ती दोन्ही पोरं बस थांबायच्या आधीच माझी राहायची नाहीत. मुलगी हात सोडवून पळायची. मुलगा माझ्या कडेवरून असा झेप घ्यायचा, की जणू कुणी त्याला पळवून नेलं होतं आणि आज सापडला. ती हसत खाली उतरायची. पोरांच्या तिच्या अंगाखांद्यावर उड्या, आणि मी मागून तिची पिशवी घेऊन. पिशवीत बहुतेक पेरू असायचे, नाहीतर बोरं, कुणा विद्यार्थ्याच्या आईनं दिलेली. दिवसभर मी भाकरी देत होतो आणि ती एका पेरूनं जिंकून जात होती.

घरी आली की ती पाय लांब करून भिंतीला टेकायची. तिच्या बोटांना खडू लागलेला असायचा. मग सुरू व्हायचं. "आज काय झालं माहीत हाय का?" चौथीतला एक पोरगा बकरी घेऊनच वर्गात येऊन बसला. साहेब तपासणीला आले आणि त्यांचीच चप्पल कुत्र्यानं नेली. हेडमास्तर असे म्हणाले, दुसरी बाई तसं म्हणाली. सांगताना ती इतकी रंगायची की शेजारची मावशी दारात येऊन ऐकायची. मग ती मला विचारायची, "तुमी काय केलं?"

काय सांगणार? वरण उतू गेलं. मुलगा दोनदा ओला झाला. मी म्हणायचो, "काही नाई. रोजचंच."

एकदा बस चुकली म्हणून हेडमास्तरांनी तिला मोटारसायकलवरून आमच्या थांब्यापर्यंत सोडलं. उतरताना ती कशावरून तरी खळखळून हसत होती. मास्तर वयानं वडिलांसारखे, केस पांढरे. त्यांचा मला राग आला नाही. हेवा वाटला तो तिचा. दिवसभर तिच्याशी बोलायला मोठी माणसं होती. मी सकाळपासून "शू आली का" आणि "तोंडातलं थुंक" याखेरीज एक वाक्य बोललो नव्हतो. त्या संध्याकाळी मी भाजीत मीठ घातलंच नाही आणि तीही काही न बोलता जेवली, त्याचाही मला राग आला.

हिवाळ्यात सव्वीस जानेवारी आली. ती म्हणाली, "तुमी या पोट्टे घेऊन. सगळ्याच्या घरचे येतात." मी तांब्यात निखारे भरून शर्टाला इस्त्री केली. मुलीच्या दोन वेण्या घातल्या, एक वर आली आणि एक खाली, पण घातल्या. बसमध्ये मुलगी सगळ्यांना सांगत होती, "आमी आईच्या शाळेत जाऊन राह्यलो."

शाळा म्हणजे दोन वर्ग आणि पुढे पटांगण. ढोल वाजत होता, पोरं लेझीम खेळत होती. आमची बाई पांढऱ्या साडीत रांगा लावत होती. तिच्या पदराला एक लहानशी मुलगी धरून होती, पहिलीतली असेल. बाई पुढे गेल्या की ती पुढे, बाई थांबल्या की ती थांबे. एकदा बायकोनं वाकून स्वतःच्या रुमालानं तिचं नाक पुसलं.

आमच्या मुलीनं ते पाहिलं. माझा हात सोडून ती बाणासारखी गेली आणि त्या पोरीची वेणी धरून ओढली. "सोड! हे माही आई हाय!"

ती पोर रडली नाही. तिनं पदर आणखी घट्ट धरला. रांगेतली मुलं हसायला लागली. बायको गोंधळली, आणि मग शाळेत बोलतात त्या आवाजात आमच्या मुलीला म्हणाली, "इथं मले बाई म्हणतात. चाल, नीट उभी राह्य."

मुलीचा चेहरा मला अजून दिसतो. ती मागे मागे येत माझ्या पायाला चिकटली. तिला काय झालं ते मला शब्दाशब्दानं कळत होतं. मी नवरा होतो, मोठा होतो, मला कुणाची वेणी ओढता येत नव्हती, एवढाच फरक.

झेंडावंदन झाल्यावर बायको आमच्याकडे आली. गावातल्या बायका भोवती होत्या, बाईचं लेकरू पाहायचं म्हणून. तिनं मुलापुढे हात पसरले. "ये."

मुलगा ढोलानं भेदरलेला होता. त्यानं माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. तिनं बुंदीचा लाडू दाखवला. त्यानं एक डोळा उघडून लाडू पाहिला, आणि मान फिरवून माझी कॉलर दोन्ही मुठींत धरली. तिनं त्याच्या काखेत हात घातले तर तो किंचाळलाच.

"बाई, हे तं बापाचंच पोट्टं दिसते!" एक म्हातारी म्हणाली. सगळ्या हसल्या. बायकोही हसली. पण तिचे हात क्षणभर तसेच हवेत राहिले आणि मग तिनं उगाच पदर सारखा केला.

मला काय वाटलं ते सांगतो. मला आनंद झाला. कितीतरी महिन्यांत इतका झाला नव्हता. मी मुलाच्या पाठीवर थोपटत सगळ्यांसमोर उभा राहिलो, आणि कुणी मला विचारलं की "तुमी काय करता जी?" तर मी म्हणालो, "यालेच सांभाळतो." ते मी पहिल्यांदाच न अडखळता म्हणालो.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. पुलावरून धाम नदी दिसते ती दाखव म्हणून मुलगी माझ्याच मागे लागली, आईकडे गेली नाही. घरी आल्यावर बायकोनं एकदम मुलाला आंघोळ घालायला घेतली. सकाळी मी घातली होती. पाणी पुरतं तापलंही नव्हतं. तो रडायला लागला.

"आता काऊन?" मी म्हणालो. "सर्दी होईल त्याले."

"माहीत हाय मले," ती म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत. "तुमाले काय होते? दिवसभर तुमच्यापाशीच असते तो. मले संध्याकाळचं उरलंसुरलं भेटते." मग तिनं त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो चालाले लागला हे मले नळावर मावशीनं सांगितलं. तुमी नाई सांगितलं."

हे खरं होतं. दिवाळीनंतर एका दुपारी तो बाज सोडून चार पावलं टाकत माझ्यापर्यंत आला होता. मी त्याला उचलून अंगणभर नाचलो होतो.

"सांगाचं राहून गेलं," मी म्हणालो.

"राहून नाई गेलं."

मग मीही बोललो. म्हणालो, तू रोज भरून येतेस आणि मी रोज रिकामा असतो, माझ्याशी बोलायला दिवसभर कुणी नसतं, तुझ्या बकरीच्या गोष्टीपुढे मी काय माझी भांडी सांगू? आवाज चढला, धाप लागली. तिनं पाणी आणून दिलं, पण माघार घेतली नाही. तेवढ्यात मुलीनं मधूनच विचारलं, "ते पोट्टी कोण होती?"

बायको म्हणाली, "तिले आई नाई. म्हणून माह्या मागं मागं राह्यते."

मुलीनं विचार केला. "मंग तिनं दुसऱ्याची घ्यावं ना! आपलीच काऊन?"

आम्ही दोघं हसलो. भांडण तिथे अडलं, मिटलं असं म्हणवत नाही.

त्यानंतर रविवार तिचा ठरला. त्या दिवशी पोरांचं सगळं ती करणार आणि मी बाहेर जाणार. मी वर्ध्याला जाऊन जिनातल्या जुन्या सोबत्यांबरोबर चहाच्या टपरीवर बसायचो. पहिले दोन-तीन रविवार बरं वाटलं. मग लक्ष लागेना. एकदा लवकर परतलो आणि खिडकीतून पाहिलं, तर माझ्या हातची अंबाडीची भाजी जी मुलगी थुंकून टाकायची, तीच आईच्या हातून घास घास मागून खात होती. मी परत वळलो आणि रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आलो.

रोज संध्याकाळी बसमधून उतरताच ती आता आधी मला विचारायची, "आज काय केलं त्यानं?" मी सांगायचो. नवा शब्द, आलेला दात, कावळ्याशी झालेलं भांडण. ती पुन्हा पुन्हा विचारायची आणि रात्री पोरांना थोपटताना त्याच गोष्टी त्यांनाच सांगायची. मला ऐकणारं माणूस मिळालं. पण सगळं मी सांगत नव्हतो. एखादी गोष्ट स्वतःपुरती ठेवायचो. तीही ठेवत असेल, रविवारची.

अशी चार-पाच वर्षं गेली. मुलगी वर्ध्याच्या शाळेत जायला लागली. मुलगा पहिलीत गेला तेव्हा बायको म्हणाली, माझ्याच शाळेत घालते, बसमध्ये सोबत होईल. मला नाही म्हणायला कारण नव्हतं. त्या सकाळी तो तिच्या हाताला धरून बसमध्ये चढला आणि खिडकी पकडून बसला. माझ्याकडे बघितलंही नाही. मी थांब्यावरून परत आलो. मावशी म्हणाली, "आता मोकळा झाला तू." मी हो म्हणालो. पुढे कापडाच्या एका दुकानात मला बसून करायचं काम मिळालं, पण तो पहिला दिवस मी नुसता घरात या खोलीतून त्या खोलीत हिंडलो. इतकी वर्षं वाट पाहिलेली मोकळीक मिळाली होती, आणि मला जिचा हेवा वाटत होता तीच बाई आता दिवसभर माझ्या पोराजवळ होती.

संध्याकाळी मुलगा उतरला तो सरळ माझ्याकडे आला. वाटेतच बोलायला लागला. वर्गात किती खिडक्या, कोण कोणाला चावलं, बाईनं कोणाला कोपऱ्यात उभं केलं. घरी आल्यावर माझ्या मांडीवर बसून पुन्हा पहिल्यापासून. बायको मध्ये म्हणाली, "तसं नाई झालं रे. तो आधी पडला, मंग—"

"तू थांब," तो म्हणाला, "मी बाबाले सांगून राह्यलो."

ती उठली आणि स्वयंपाकाच्या खोलीत गेली. भांडी जरा जोरातच वाजली. मी मुलाला म्हणालो, "हं, मंग काय झालं?"