आधी पाऊसपाणी

पौषातल्या उन्हात घोंगडी वाळत घातली की तिला एक वास सुटतो. लोकरीचा, चुलीच्या धुराचा आणि कधीकाळी अंगावर घेतलेल्या पावसाचा मिळून झालेला. चिकलठाण्यातल्या आमच्या गच्चीवर, उतरत्या विमानांच्या घरघरीखाली, तो दुपारभर रेंगाळतो आणि शेजारच्या वहिनी नाक मुरडतात. मुरडोत बापड्या! त्याच वासाचं बोट धरून मी एक कादंबरी लिहिली: मेंढरांमागे मुलूख पायाखाली घालणाऱ्या एका बाईची आणि तळ्याकाठी हरवलेल्या तिच्या काळ्या मेंढीची. कंपनीतली नोकरी सांभाळून, पोळ्या उरकून, कित्येक वर्षं लिहीत होते. लिहून संपली त्या दिवशी गच्चीवर जाऊन एकटीच हसले. पण आता ती कुणीतरी वाचायला हवी होती.

नव्या लेखकांना प्रकाशक मिळवून देणाऱ्या एक बाई मुंबईत आहेत, त्यांना एजंट म्हणतात, असं कळलं. माझ्या वडिलांना, आबांना, हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजी दलालच की! दलाल चांगला पायजे बाई, नायतं चांगलं जनावर बी बाजारातून माघारी येतं." मी मोठ्या उमेदीनं एजंटबाईंना पत्र लिहिलं, आणि तिथंच माती खाल्ली.

आम्हा मेंढपाळांची एक रीत आहे. मेंढरं रात्रभर वावरात बसवली की जमिनीला खत मिळतं आणि त्याच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो; म्हणून देवगाव रंगारीहून निघालेल्या कळपाच्या पुढे चालत आबा अनोळखी गावांतून वावर शोधत जायचे. मात्र बांधावर पाऊल टाकल्या टाकल्या कामाचं बोलणं म्हणजे असभ्यपणा. आधी पाऊसपाणी, विहिरीची खबर, लेकीबाळी, दुखणीखुपणी, मग तांब्याभर पाणी, आणि उठता उठता, जणू आत्ताच आठवलं अशा थाटात, "मेंढरं बसवायची का?" ही रीत माझ्या अंगात इतकी मुरलेली की एजंटबाईंनाही मी मुंबईच्या उकाड्यापासून त्यांच्या प्रकृतीपर्यंत सगळं विचारलं आणि कादंबरीला अगदी तळाशी, सहीच्या वर, अंग चोरून बसवलं.

त्यांचं उत्तर आलं. "पत्र गोड आहे, पण पुस्तक कशाचं हे कळेपर्यंत माझा चहा निवला. गोष्ट पहिल्या ओळीत सांगा आणि पुन्हा पाठवा." बाई भल्या होत्या. पण ती पहिली ओळ काही केल्या सुचेना. माझ्या गोष्टीत परक्या माणसानं थांबावं असं काय आहे, हेच मला ठाऊक नव्हतं, आणि मग वाटू लागलं की तसं काही नसेलच. फार वाईट वाटायचं तेव्हा. कादंबरी कपाटात ठेवून कुलूप लावायचं, इथवर मनाची तयारी झाली होती.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि खो खो हसले. "लई दूरचं वावर धरलं तू. वळख नसली तं पहिली रात फुकट बसवावी. पीक बघून मानूस सोता बोलवाया येतो."

म्हणून मी पहिलं प्रकरण छापून त्याच्या थोड्या प्रती काढल्या, शेवटी माझा फोन नंबर घातला आणि गुलमंडीत जिथं माझे ब्लाऊज शिवायला टाकते त्या दुकानातल्या बाकावर ठेवून आले. नव्या कापडाच्या खळीचा वास, शिलाई यंत्राची कुरकुर, आणि 'झालंच ताई, बसा दोन मिनिटं' या शब्दावर तासभर बसलेल्या बाया. यांच्याइतकं रिकामं, सुपीक वावर अख्ख्या शहरात नसेल. तरी बरेच दिवस फोन वाजला नाही. आबा रोज विचारायचे, मी रोज विषय बदलायचे.

मग परवा दुपारी गच्चीवर घोंगडी उलटीपालटी करत असताना फोन वाजला आणि अनोळखी आवाज आला. "ताई, ती काळी मेंढी घावली का वो? मी वाचत वाचत घरी आले, अन् ब्लाऊज तिथंच ऱ्हायला!"

हाच प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी एवढी वर्षं लिहीत होते, आणि त्या क्षणी माझ्या तोंडून काय निघालं? "बरी आहे ना तब्येत? थंडी कशी काय तुमच्याकडं?"

तिला यात काहीच वावगं वाटलं नाही. तिनं थंडी सांगितली, गुडघे सांगितले, सुनेचं बाळंतपण, नळाला आड दिवसानं येणारं पाणी, सगळं ऐसपैस सांगितलं, आणि उन्हात उभी राहून मी ते ऐकत राहिले. एजंटबाईंना पाठवायची पहिली ओळ मला तिच्या प्रश्नातच मिळाली होती. ती लिहीन आज-उद्या, त्यांचा चहा गरम असतानाच. पण आत्ता घाई नव्हती.

"हां," पलीकडून ती म्हणाली, "आता सांगा. घावली का?"

मी घोंगडीवर मांडी घालून बसले.