दिनकररावांची कमान

दिनकरराव आमच्या नगरपालिकेत नकाशे काढायचे. नकाशे म्हणजे काय, तर गटारं, मुताऱ्या आणि पाण्याच्या टाकीचा जिना. मी शेजारच्या टेबलावर घरपट्टीला होतो. इतका साफ हात असलेल्या माणसानं जन्मभर गटारं काढावीत, याचा मला राग यायचा. त्यांना राग यायचा नाही, नुसता थकवा यायचा. चहासुद्धा ते डोळे मिटून प्यायचे.

एकदा परभणीच्या रद्दीवाल्याकडून त्यांनी एक जुनं इंग्रजी मासिक आणलं. अमेरिकेतल्या कुठल्याशा शहरानं आपले जुने रस्ते मोडून पॅरिसच्या धर्तीवर नवं रूप घेतलं होतं, त्याचे फोटो त्यात होते. गोल चौक, मधोमध दगडी कमान, भोवती हिरवळ आणि बाक, चहूकडं फुटलेले रुंद रस्ते.

"अमेरिकेला दुसऱ्याचं बघून करायला लाज वाटत न्हाई," ते म्हणाले, "मग आपल्याला कामून वाटावी?"

मी हसलो. मानवतहून एसटीनं अर्ध्या तासावरचं आमचं गाव, आणि म्हणे पॅरिस! पण गावाची वेस तेव्हा पाडायचीच होती. कापसाच्या गाड्या तिच्यात अडकायच्या. नगराध्यक्षांना फोटो आवडला आणि दिनकररावांना पहिल्यांदा गटार सोडून काहीतरी काढायला मिळालं.

खरं कारण त्यांनी मला एकट्यालाच सांगितलं. वेशीबाहेर दलितांची वस्ती होती. नामांतराच्या दंगलीत याच वेशीतून माणसं काठ्या घेऊन तिकडं गेली होती. दुसऱ्या दिवशी वस्तीवरचा धूर दिनकररावांनी माळवदावरून बघितला होता.

"वेस हाय तवर आतले आन् बाहेरले राहणारच," ते म्हणाले. "गोल चौकाला आत-बाहेर नसतं. कुनी कुठूनबी यावं, बाकावर बसावं."

पुढं वेस पडली, पण काम काही केल्या संपेना. निधी अडला, एक ठेकेदार मधूनच पळाला. दिनकररावांनी खेटे घालून घालून चपला झिजवल्या आणि स्वतःही झिजले. अखेर ऐन श्रावणात कमान उभी राहिली. शेतकऱ्याच्या घरचा माणूस, पण एक गोष्ट साफ विसरला होता. पोळा.

पोळ्याला गावाचे बैल वेशीतून निघायचे. वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण, पुढं मानाची जोडी, मागं बाकीचे. त्या संध्याकाळी हलगी वाजत चौकात आली आणि थांबली. मानाच्या जोडीचे मालक बन्सीधर पाटील कमानीकडं बघत राहिले. तिच्याभोवती तारेची जाळी होती. दिनकररावांनी लगबगीनं पक्कड आणली आणि स्वतः जाळी कापली.

"घाला बैल," ते म्हणाले. "हीच वेस समजा."

बन्सीधर तसा भला माणूस. आवाज न चढवता म्हणाले, "दिनकरराव, वेस म्हंजी एका अंगाला गाव आन् दुसऱ्या अंगाला शिवार. हिच्यातून निगालं की माणूस परत चौकातच. हिला आत बी न्हाई, बाहेर बी न्हाई. बैल कुठून कुठं घालावं?"

"तेच तर पाहिजे होतं," दिनकरराव म्हणाले, पण इतकं हळू, की फक्त मला ऐकू आलं.

मग लोकांनी रस्त्याकडेचा कडुलिंब आणि विजेचा खांब यांच्यामध्ये तोरण बांधलं. जुनी वेस होती, बरोबर त्याच जागी. वस्तीतली माणसं नेहमीसारखी पलीकडं उभी राहून बघत होती. मला सगळ्या गावाचा संताप आला.

दिनकररावांचा धाकटा भाऊ मुंजाजी घरची जोडी घेऊन रांगेत उभा होता. दिनकरराव त्याच्यापाशी गेले.

"मुंजा, तू तरी घाल."

मला ते ऐकवेना. मुंजाजीनं कासरा आवळला.

"भाऊ, लोक बघायलेत," एवढंच तो म्हणाला.

दिनकररावांनी बैलाच्या पाठीवरची सरकलेली झूल नीट केली.

"जा बाबा," ते म्हणाले. "बैल ताटकळलेत."

मुंजाजी तोरणाखालून निघून गेला.