आत्याचं शेंडेनक्षत्र

नीलेशचा फोन आला, तेव्हा मी बेलापूरच्या ऑफिसात डबा उघडत होते. "ताई, आई गेली… झोपेतच." डबा तसाच झाकला. रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हेच, की चला, आत्या शेंडेनक्षत्र बघून तरी गेली!

धूमकेतूला आमच्या गावात शेंडेनक्षत्रच म्हणत. हॅलेचा धूमकेतू आला त्या वर्षी आत्याला नीलेशच्या वेळचे दिवस होते. पहाटे सगळं गाव खाडीच्या बांधावर माना वर करून उभं, आणि आत्या मागच्या खोलीत, बाहेरून कडी. पोटुशीने अशुभ तारा बघू नये, असा सासूबाईंचा हुकूम. दार बडवून बडवून आत्याचे हात लाल झाले, पण कडी कोणी काढली नाही. तो तारा पुन्हा येणार पंचाहत्तर वर्षांनी, म्हणजे आत्या शंभरीपार. हे कळल्यावर ती जी चिडली, ती सासूबाई गेल्या तरी निवली नाही.

पुढे जमीन नव्या शहरात गेली, सीवूड्सला फ्लॅट झाला आणि आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनचा विषय काढला की "आता काय बघायचं राहिलंय?" म्हणून उडवून लावायची. नीलेशने दोन वर्षं डोकं आपटलं. मग एक दिवस टीव्हीवर सांगितलं, महिन्याभराने संध्याकाळी पश्चिमेला धूमकेतू दिसणार. दुसऱ्या दिवशी बाईसाहेब चपला घालून दारात हजर. "चल रं, डोले करून येऊ. मना बगाचं हाय!"

मीही मुद्दाम राहायला गेले. पहिल्या संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर ही गर्दी. पश्चिमेला चकाकती रेघ दिसली, टाळ्या पडल्या, मोबाइल वर गेले… आणि आत्या ओरडली, "अरं, ता इमान हाय! पुढं सरकतंय!" शिकलीसवरलेली सोसायटी खाली मान घालून घरी गेली. मग दोन दिवस ढग. आत्या कोणाशी धड बोलली नाही. चौथ्या दिवशी आभाळ उघडलं, आणि शुक्राच्या वर, पिठाचं बोट पुसल्यासारखा तो फिकट पट्टा तिलाच आधी दिसला. नव्या डोळ्यांनी! कंबरेवर हात ठेवून ती खदखदून हसली. मला मात्र हुंदका आवरेना.

तेवढ्यात तिचं लक्ष जिन्याकडे गेलं. तिसऱ्या मजल्यावरची पल्लवी, सातवा महिना, गच्चीच्या दारातच थांबलेली. सासूने दंड धरलेला. "अशा दिवसांत नाही बघायचं," सासू म्हणत होती. आत्या तरातरा गेली.

"मना कोंडून ठेवलेलं. तरी माझा पोर हट्टी निघालाच ना? चल गं तू. तुमीपन चला ओ!" दोघींना तिने हाताला धरून कठड्यापाशी आणलं.

आत्या गेल्यानंतर परवा तिच्या घरी गेले, तर पल्लवी लेकीला घेऊन आलेली. तिच्या सासूबाई आल्यागेल्याला कौतुकाने सांगत होत्या, "आमच्या चिमीने पोटात असतानाच शेंडेनक्षत्र बघितलंय, म्हणून एवढी चुणचुणीत!"

"दाखवलं कोणी?" मी मुद्दाम विचारलं.

बाईंनी चिमीला उचलून आत्याच्या फोटोसमोर नेलं, तिचे इवलेसे हात जोडले आणि म्हणाल्या, "ह्यांनी. आम्हा तिघींनाही."