जशी आहे तशी

धाकूदादा आमच्या घरात कधी बसले नाहीत. रोज संध्याकाळी यायचे, पेपर मागून घ्यायचे आणि दाराच्या चौकटीला खांदाही न लावता ताठ उभे राहून तो वाचायचे. "अहो, बसा की," म्हटलं की उत्तर ठरलेलं. "नको बाई, बरा हाय मी इथंच." खांद्यावर कायम एक पिवळं फडकं. पेपर वाचून झाला की त्या फडक्याने आमच्या दाराची कडी पुसून द्यायचे आणि जायचे. मला उभ्या माणसाचा भारी राग येतो. दिवसभर शाळेत पोरांना खाली बसवून घसा बसलेला असायचा, आणि घरी येऊन बघते तर हा साठीचा बाप्या उभा! एकदा चिडून म्हणालेच, "धाकूदादा, तुमचे मुंबईचे शेठ वर गेले. आता तरी टेका!" तर हसून म्हणतात कसे, "शेठ गेले बाई, माझे पाय थोडेच गेले?"

मिरकरवाडा बंदरातल्या खारवी घरातला, पिढीजात मासेमारीतला हा माणूस. पण घरची होडी नव्हती, म्हणून तरुणपणीच मुंबई गाठली आणि एका शेठकडे ड्रायव्हर म्हणून जन्म काढला. गणपतीला आणि शिमग्याला तेवढे घरी. बायको, आमच्या सुभद्रावहिनी, इथे रत्नागिरीत मासळी विकून घर चालवायच्या. दिलीप हा एकुलता एक मुलगा. "चांगला शाळेत जाईस्तोवर मला काका म्हणायचा हो बाई," धाकूदादा सांगायचे, आणि सांगताना हसायचे. मला काही त्यात हसू यायचं नाही.

शेठ वारले तेव्हा त्यांची मुलं परदेशात स्थायिक झालेली. शेठाणीबाईंनी मागच्या गॅरेजातली जुनी विलायती स्पोर्ट्स कार धाकूदादांना देऊन टाकली. कुणा साहेबाने देश सोडताना शेठना विकलेली ती गाडी. दोन माणसांपुरती, बुटकी, लांब नाकाची, वर कापडी टप. मूळचा रंग सायीसारखा, पण त्याचे पापुद्रे निघालेले, दाराशी तडे गेलेले. बाजूने एक बारीक सोनेरी रेघ होती, तीही जागोजाग पुसट झालेली. ती ट्रकमधून उतरली तेव्हा अख्खी आळी बघायला लोटली. मी विचारलं, "धाकूदादा, हिच्यात बसणार कोण?"

"कोणी नाय बाई. ही बसायची गाडी नाय. ही दिलीपची लाँच हाय."

म्हणजे काय, ते त्यांनी उभ्याउभ्याच समजावून सांगितलं. दिलीप दुसऱ्याच्या लाँचवर खलाशी होता. समुद्रावर गेला की खूश असायचा पोरगा. बंदरावरच्या एका म्हाताऱ्या तांडेलाला आपली लाँच इंजिनासकट विकायची होती, आणि त्याने धाकूदादांच्या शब्दाखातर दसऱ्यापर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. गाडी विकली की लाँच घ्यायची. नाहीतर दिलीपलाही मुंबईच. त्याच्या वयाची आळीतली पोरं एकेक करून एसटीत बसून गेलीच होती. "मी दुसऱ्याच्या दारात उभा राहिलो बाई. तो राहायचा नाय. तो आपल्या लाँचवर बसंल, चांगला पाय पसरून बसंल." हे म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा.

मे महिन्यात मुंबईहून एक गृहस्थ आले. जुन्या गाड्या जमवायचा त्यांना नाद होता आणि शेठाणीबाईंकडून पत्ता मिळाला होता. ताडपत्री बाजूला केल्याबरोबर तो एवढा मोठा माणूस गुडघ्यावर बसला आणि त्या तडकलेल्या रंगावरून हात फिरवत राहिला. किंमत बोलले ती ऐकून सुभद्रावहिनींनी पदर तोंडाला लावला. "पावसाळा संपला की दसऱ्याला पैसे घेऊन येतो," ते म्हणाले. "मला ही जशी आहे तशी हवी. काही करू नका."

आता मला सांगा, आमच्याकडे हे बोलणं खरं कोण मानतो? मुलगी बघायला आलेली माणसं हेच म्हणतात. आम्हाला काही नको, मुलगी आणि नारळ द्या. आणि बापाने खरोखरच मुलगी आणि नारळ दिला, तर त्या पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. वहिनी म्हणाल्या, "मोठा माणूस, तो तोंडाने कसा मागंल? आपल्यालाच कळाय हवं." धाकूदादांनी मुंबईत हेच तर गिरवलं होतं. "शेठसमोर गाडी न्यायची ती आंघोळ घालूनच," हे त्यांचं रोजचं बोलणं. त्यातून खारव्याची जात. नारळीपुनवेआधी होडीला रंग दिला नाही, तर त्या घरात कर्ता माणूस उरला नाही असं लोक समजतात. मला कुणी विचारलं असतं तर मीही म्हणाले असते, द्या रंग, चांगला झकास द्या.

गणपती गेल्यावर ऊन पडलं आणि बापलेक कामाला लागले. होडीला करतात तसंच सगळं. पातीने खरवडून, घासकागद मारून जुना रंग पार पत्र्यापर्यंत उतरवला. सोनेरी रेघही गेली. मग होडीचाच ऑइलपेंट, वर आकाशी आणि खाली लाल पट्टा. हात हलू नये म्हणून धाकूदादा श्वास धरून तो पट्टा ओढायचे आणि मग मोठ्याने सुस्कारा टाकायचे. दिलीप शीळ घालत असायचा. आयुष्यात बापलेकांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम. मी शाळेतून येताना तिथे रेंगाळायची, वहिनी चहा आणायच्या. त्या दिवसांत मी धाकूदादांना बसलेलं पाहिलं. गाडीच्या चाकाशी मातीत फतकल मारून, कोपरापर्यंत आकाशी होऊन, दिलीपच्या कपातला उरलेला चहा पीत बसले होते.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. अख्खी आळी ठेवणीतले कपडे घालून हजर. गृहस्थ रिक्षातून उतरले. दिलीपने ताडपत्री एका झटक्यात ओढली आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. अगो बाई, काय दिसत होती ती गाडी! त्या माणसाच्या चेहऱ्याकडे मात्र मला बघवेना. ते ओरडले नाहीत. गाडीभोवती हळूहळू फिरले, नखाने एका ठिकाणी टोकरून पाहिलं.

"जुना रंग कुठे गेला?"

"सगळा उतरवला साहेब," धाकूदादा छाती पुढे काढून म्हणाले. "कण ठेवला नाय."

"अहो दादा, त्या रंगाचेच तर पैसे होते."

मग त्यांनी शांतपणे समजावलं. कारखान्यातून आलेला रंग गाडीला एकदाच असतो. तो तडकला, उडाला तरी चालतो, पण तो तोच असावा लागतो. नव्या रंगाखाली पत्रा किती गंजलाय, कुठे ठोकलाय, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मुंबईत नेऊन कितीही भारी रंग दिला तरी ती रंगवलेली गाडीच राहणार. धाकूदादा हात जोडून म्हणाले, "परत खरवडून देतो साहेब. आजच्या आज देतो."  मला त्या माणसाचा संताप आला, आणि संताप करायला जागा नव्हती, कारण तो खरं तेच सांगत होता.

दुष्ट असता तर दोन शिव्या घालून निघून गेला असता. हा चहाला थांबला. गाडीचं इंजिन किती निगुतीने ठेवलंय ते त्याने पाहिलं, चकचकीत कड्या पाहिल्या, आणि दिलीपला विचारलं, "गाडी चालवता येते?"

"येते. बाबांनी शिकवलीन."

"माझ्याकडे ड्रायव्हर हवाय. राहायला खोली देतो. पाठवा दादा याला, तुमच्या हाताखाली तयार झालेला मुलगा आहे."

उपकार करत होता बिचारा, आणि मनापासून करत होता. वहिनी नवऱ्याकडे बघत राहिल्या. तांडेल काही आणखी थांबणार नव्हता, दुसरं गिऱ्हाईक त्याच्या दाराशी होतं. धाकूदादांची मान सवयीने खाली गेली आणि तोंडातून आलं, "जी साहेब." मुंबईत उभा जन्म तेच एक उत्तर दिलेलं.  दिलीप गाडीच्या हारातली झेंडूची फुलं तोडत उभा राहिला.

दिवाळीच्या आधीच तो गेला. मी एसटी स्टँडवर गेले होते. वहिनी रडत होत्या, आणि धाकूदादा बाहेरून दिलीपच्या खिडकीची काच पुसत होते. पुसून स्वच्छ झाली तरी पुसतच होते. कंडक्टरने घंटी दिली तसं त्यांनी ते पिवळं फडकं खिडकीतून आत दिलं. "दार उघडून धरशील तेव्हा मालकाच्या अंगावर सावली पाडू नको," एवढंच म्हणाले. घेणारा आला तो गाडी ठेवून गेला आणि पोरगा घेऊन गेला. मी घरी आले आणि कितीतरी वेळ पाण्याचा तांब्या हातात धरून बसले.

त्यानंतर धाकूदादा पेपर वाचायला यायचे, पण पान उलटायचे नाहीत. गाडी तिथेच ताडपत्रीखाली. एकदा मला हाताला धरून घेऊन गेले, दार उघडून बिजागरीच्या आत बोट दाखवलं. अंगठ्याएवढा सायीचा रंग राहिला होता तिथे. "हा बघा बाई, मूळचा," म्हणाले. ज्याला त्याला तो दाखवायचे. होडीचा रंग तो, खाऱ्या हवेला दाद देईना. आतला पत्रा मात्र कुजत गेला. शेवटी काही वर्षांनी मिरजोळ्याहून भंगारवाला आला आणि त्याने पुढून उचलायला हात घातला, तर लाल पट्ट्यातून बोटं आरपार गेली. धाकूदादा शेजारी उभे होते. त्यांनी भंगारवाल्याला हात पुसायला आपल्या सदऱ्याचं टोक पुढे केलं.

त्याच वर्षी शिमग्याच्या तोंडावर ते गेले. दिलीपला रजा मिळून तो येईपर्यंत सगळं उरकलं होतं. दिवस झाल्यावर परत निघायच्या आदल्या संध्याकाळी तो मला भेटायला आला. पांढरा शर्ट, पांढरी पँट, भांग नीट पाडलेला. बापाची सगळी ठेवण चेहऱ्यात उतरली होती. दाराशी येऊन थांबला. मी गडबडीने खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, "अरे दिलीप, आत ये, बस रे जरा."

चौकटीला खांदा न लावता तो ताठ उभा होता.

"नको बाई," तो म्हणाला. "बरा आहे मी इथंच."